सुरीवरची साय

डावरे मास्तरांना जगातल्या बहुतेक गोष्टींबद्दल काही मत नव्हतं. सुरीबद्दल मात्र होतं, आणि ते त्यांनी चौतीस वर्षं, चारशे मुलांच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी म्हणून, ऐकणारा काढता पाय घेईस्तोवर सांगितलं होतं. सुरी पोलादाची हवी आणि उघडी हवी. दुकानातून येताना ती गंजू नये म्हणून तिला काहीबाही फासलेलं असतं. ते घरी आणल्या आणल्या खरवडून टाकायचं आणि सुरी कांद्या-लिंबाच्या हवाली करायची. आठ-दहा दिवसांत पात्यावर राखाडी, निळसर, मधूनच जांभळट अशी झाक धरते. ती एकदा नीट धरली की गंजाला बसायला जागाच उरत नाही. या थराला मास्तर 'साय' म्हणत. दुधावर धरते तशी, आपली आपण. काही हौशी लोक पात्याला मोहरीचा लगदा फासून एका दुपारीत सुरीला म्हातारपण आणतात, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. तेव्हा नातवंड होण्याआधीच केस पांढरे रंगवून बसलेल्या माणसाकडे बघावं तसं ते त्या सांगणाऱ्याकडे बघत राहिले होते.

त्यांचं दुसरं मत कांद्याबद्दल होतं, म्हणजे फिरून सुरीबद्दलच. कांदा कुणाला रडवत नाही, रडवते ती बोथट सुरी. पात्याला धार असली की कांदा मुकाट कापला जातो. धार नसली की तो चिरडला जातो आणि डोळ्यांवर सूड उगवतो. त्यामुळे मास्तरांच्या हाताखालच्या कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं, की त्याला काही न विचारता धारेच्या दगडापाशी पाठवण्यात येई. एकदा एका वाढप्याला प्रेमभंगापायी भरून आलं होतं. त्यालाही दगडापाशी पाठवलं. त्याने रडत रडत लावलेली धार महिनाभर टिकली, असं मास्तर कौतुकाने सांगत.

डावरे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते डावखुरे होते, एवढाच त्याचा अर्थ. पण हे नाव इतकं रुळलं, की निवृत्तीचं पत्रसुद्धा कचेरीतून 'श्री. डावरे' याच नावाने निघालं. मास्तरांनी ते तसंच घेतलं, कारण दुरुस्त करून घ्यायचं तर आणखी वर्षभर नोकरी करावी लागली असती.

निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना तीन घड्याळं मिळाली. ज्या दिवसापासून वेळेचं काही काम उरलं नव्हतं नेमक्या त्याच दिवशी. चौथी भेट कोठीवाल्याची. कोठीवाला म्हणजे वसतिगृहाच्या कोठाराच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला असत तो. मास्तरांचा तीस वर्षांचा दोस्त. दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला होता आणि दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. दिवस सुट्टीचा असो वा कामाचा, चार वाजले की दोघांचा चहा एकत्र, हा नेम त्याने किल्ल्या परत केल्यावरही मोडला नव्हता. डॉक्टरने त्याचं दूध बंद केलं होतं, म्हणून त्याचा चहा कोरा, अर्धं लिंबू पिळून.

त्याने एक लांबट खोकं पुढे केलं. आत सुरी. मुठीपासून टोकापर्यंत काळी कुळकुळीत, वर्तमानपत्राच्या बोळ्यांत नीट बसवलेली. मास्तरांनी ती डाव्या हातात घेतली आणि बोलायचं विसरले.

सुरीच्या पात्याला एका अंगाला उतार असतो आणि दुसरं अंग जवळजवळ सपाट. बाजारातल्या सगळ्या सुऱ्या उजव्या हातासाठी घासलेल्या असतात. डाव्या हाताच्या माणसाने ती धरली, की पातं हळूहळू तिरकं पळतं आणि चकती एका बाजूला जाड होते. डाव्या हाताची सुरी दुकानात मिळत नाही. ती ओळखीच्या माणसाकडून, दोनदा हेलपाटे घालून, मुद्दाम घासून घ्यावी लागते. आणि ही घासलेली होती. उतार बरोबर डाव्या अंगाला.

"एवढं कोण करतं कुणासाठी," मास्तर घरी आल्यावर बायकोला म्हणाले. हेच ते पेपरवाल्याला म्हणाले, इस्त्रीवाल्याला म्हणाले आणि चुकीचा नंबर लागलेल्या एका बाईला फोनवर म्हणाले.

कोठीवाल्याने देताना एकच अट घातली होती. लेप काढायचा नाही. कंपनीचा आहे, जन्मभर टिकतो, खरवडलास तर पातं वाया जाईल. मास्तरांनी मान डोलावली. मैत्रीखातर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एका सुरीला कपड्यांसकट घरात घेतलं.

ही सुरी मिळाली त्याच आठवड्यात मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे एक मागणं मागितलं. बाईंनी संसारात फारसं काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागताना त्यांचा आवाज जरा चोरटा निघाला. आता नोकरी संपली, रागलोभ संपवा, माझ्या भावाला घरी बोलवा. चौदा वर्षं झाली त्याने आपला उंबरा ओलांडून.

मास्तर तेव्हा काकडी कापत होते. मान वर न करता म्हणाले, "माझी सुरी आणून दे म्हणावं. त्या दिवशी बोलवतो."

बाई उठून आत गेल्या.

ते प्रकरण असं होतं. चौदा वर्षांपूर्वी मास्तरांकडे एक सुरी होती. लोहाराकडून घडवून घेतलेली, डाव्या हाताला घासलेली, वीतभर आणि दोन बोटं लांब. वसतिगृहाच्या बाकी सुऱ्यांत मिसळू नये म्हणून मुठीलगत तीन ठिपके ठोकून घेतले होते. तिसरा ठिपका जरा खाली घसरलेला होता, कारण तो ठोकताना लोहाराला शिंक आली होती. त्या सुरीवरची साय अकरा वर्षांची होती. कांद्याची तपकिरी, लिंबाची राखाडी आणि खाली धारेशी मोरपंखी निळी. मास्तर ती कुणाला हात लावू देत नसत. आणि एका सोमवारी सकाळी ती खुंटीवर नव्हती.

मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ तेव्हा त्याच स्वयंपाकघरात भाजी कापायला होता. मास्तरांनीच त्याला चिकटवलं होतं, मास्तरांनीच शिकवलं होतं. हात चांगला होता पोराचा, पण जीभही चांगली होती, आणि शनिवारीच तो सगळ्यांदेखत मास्तरांना म्हणाला होता, की तुमच्या सुरीला एवढं जपता तेवढं ताईला जपत चला. लोक हसले होते. रविवार सुट्टीचा. सोमवारी सुरी गायब. शनिवारी संध्याकाळी मेहुणा काखेत वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन फाटकातून बाहेर पडला होता, हे कोठीवाल्याने पाहिलं होतं. मास्तरांनी विचारलं तेव्हा त्याने मोठ्या नाखुशीने, जमिनीकडे बघत, तसं सांगितलं.

मेहुण्याने आपल्या बाजूने एकच वाक्य उच्चारलं होतं. "भाऊजी, डाव्या हाताची सुरी मी काय करू?"

"विकशील," मास्तर म्हणाले होते.

त्याने त्याच दुपारी नोकरी सोडली. पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं छोटं उपाहारगृह काढलं आणि ते चालू लागलं. माझ्या सुरीच्या बळावर चालतंय, असं मास्तर चार वाजताच्या चहाला म्हणत. कोठीवाला लिंबू पिळत म्हणे, "जाऊ दे रे. आपलंच माणूस."

तीन आठवडे मास्तरांनी काळी सुरी वापरली. कापायची उत्तम. पण तिच्यावर काही चढेना. टोमॅटो कापला, धुतली, पुसली, की ही पुन्हा कालच्यासारखीच कोरी. मास्तरांना एखाद्या पाहुण्याशी संसार करत असल्यासारखं वाटू लागलं. शेवटी एका सोमवारी त्यांचा संयम सुटला. सोमवारी मास्तरीणबाई गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात जात. गेली दहा वर्षं जात होत्या आणि गुडघा होता तसाच होता. त्यांची पाठ वळताच मास्तरांनी कुंडीखालची लांबट ताटली घासून घेतली, पात्याच्या धारेला चिकटपट्टी लावली, सुरी ताटलीत आडवी ठेवली आणि तिच्यावर व्हिनेगरची बाटली रिकामी केली. कोठीवाल्याला सांगायचं कसं, याची जुळवाजुळवही त्यांनी करून ठेवली. लेप आपोआप निघाला म्हणायचं. मित्राशी खोटं बोलावं लागणार याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

कारखान्यातला लेप चार-पाच तास दाद देत नाही, हा त्यांचा अनुभव. इथे वीस मिनिटांत पात्याला फोड आले. तासाभरात तो काळा थर भाजलेल्या वांग्याच्या सालासारखा सुटून आला. मास्तरांनी तारेची घासणी घेतली. दोन हातांत अर्धं पातं मोकळं झालं. आणि घासणीला एक केस चिकटला. राठ, काळा, बोटाच्या पेराएवढा. कुंचल्याचा केस.

कारखान्यात कुंचल्याने लेप देत नाहीत, एवढं मास्तरांना ठाऊक होतं.

त्यांनी निघालेला पापुद्रा नाकाशी नेला. व्हिनेगरच्या आंबूस वासाखाली दुसरा एक वास होता. दरवर्षी सुट्टीत वसतिगृहाच्या शेगड्यांखालच्या लोखंडी घोड्यांना काळा रंग देत, उष्णतेला टिकणारा, त्याचा वास. त्या रंगाचा डबा कोठारात डाव्या फळीवर असे. मित्राने कुठून तरी साधी सुरी आणून घरीच रंगवली असेल, मास्तरांच्या मनात आलं. गरीब माणूस, कंपनीबिंपनी उगीच थापा मारल्या. या विचाराने त्यांना मित्राबद्दल जास्तच माया वाटली. ती साधारण अर्धं मिनिट टिकली.

मुठीलगत रंगाखाली काहीतरी टणक भरलेलं होतं. घासणी तिथे अडत होती. मास्तरांनी खिळ्याचं टोक लावलं. एक खडा टपकन ताटलीत पडला, मग दुसरा. तिसरा काढायला त्यांना खिळा जरा खाली न्यावा लागला.

ते खुर्चीत बसले. मग उठले, सुरी धुतली, कोरडी केली आणि पात्यावर वीत ठेवली. वीत आणि एक बोट. दुसरं बोट कुठे गेलं होतं? टोक त्यांनी उजेडात धरलं. लोहाराने दिलेला बाक तिथे नव्हता. कुणीतरी तुटलेलं टोक कानशीने गोल करून घेतलं होतं. मूठ नवी होती. मुठीला लागून, जिथे पॉलिशचा कागद पोचला नव्हता तिथे, नखाएवढी निळसर साय अजून शिल्लक होती.

उतार डाव्या अंगाला होता तो कुणी मुद्दाम घासून घेतला नव्हता. तो मास्तरांचाच होता. पेपरवाला, इस्त्रीवाला आणि फोनवरची ती बाई, तिघंही त्यांना एकदम आठवले. आणि काकडी आठवली. "माझी सुरी आणून दे म्हणावं," असं बायकोला ऐकवताना त्यांनी ती काकडी कशाने कापली होती, तेही आठवलं.

मास्तरीणबाई पिशवी घेऊन आल्या तेव्हा मास्तर ताटलीसमोर तसेच बसले होते. बाईंनी ताटलीत पाहिलं, सुरीवर वाकल्या, तीन ठिपके नीट बघितले. ही काळी सुरी कुणी दिली होती याची त्यांना आठवण करून द्यायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा काही फार बदलला नाही.

"सुरी मिळाली?"

"मिळाली."

"मग बोलवा," बाई म्हणाल्या आणि पिशवीतली भाजी काढायला लागल्या.

चारला दहा कमी असताना त्यांनी सांगितलं, की आजचा चहा तुम्हीच करा, मी आतल्या खोलीत पडते. त्या पडल्या, दार मात्र उघडं ठेवून पडल्या, म्हणजे पडण्यात काही खंड न पडता सगळं ऐकू यावं.

कोठीवाला ठरल्या वेळी आला. खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, चष्मा पुसला, हवेबद्दल बोलला. आज बाई दिसत नाहीत, असं म्हणाला. मास्तरांनी कोरा चहा त्याच्यापुढे ठेवला, एक लिंबू आणलं, त्याच्यासमोर टेबलावर फळी ठेवली आणि डाव्या हाताने लिंबाचे दोन तुकडे केले. सुरी फळीवरच ठेवली, ठिपके वर येतील अशी.

कोठीवाल्याने चहात चमचा घातला. साखर नव्हती, तरी बराच वेळ ढवळला.

"लेप काढलास," तो म्हणाला.

"काढला."

"मी नको म्हटलं होतं."

"म्हणून तीन आठवडे थांबलो."

मग त्याने सांगितलं. फार वेळ लागला नाही. चौदा वर्षं मनातल्या मनात घोकलेलं होतं, कुठे अडखळला नाही. त्या रविवारी त्याच्याकडे पाहुणे येणार होते, मुलीच्या सासरचे, पहिल्यांदाच. चार गोष्टी नीट कापून मांडाव्यात म्हणून शनिवारी जाताना त्याने सुरी पिशवीत टाकली. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन खुंटीवर ठेवायची होती. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मास्तर नाही म्हणाले असते. यावर दोघांचं एकमत होतं. पण ऐन वेळी डबा उघडायची किल्ली सापडेना, पाहुणे बाहेर बसलेले, आणि त्याने सुरीचं टोक डब्याच्या झाकणात घालून फिरवलं.

"डबा," मास्तर म्हणाले.

"हो."

"कसला?"

"अननसाचा."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. तीस वर्षांची मैत्री गेली होती, चौदा वर्षं मेहुणा गेला होता, आणि या घटकेला त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते हे, की एका घडीव पोलादी सुरीने अननसाचा डबा उघडला गेला. आपल्याला नको तेच आधी लागतंय, हेही त्यांना कळत होतं. पण लागण्याचा क्रम माणसाच्या हातात नसतो.

"आणि पुडकं?" त्यांनी विचारलं. "तू पाहिलं होतंस ना, त्याच्या काखेत?"

"पाहिलंच होतं. मी खोटं नाही बोललो." कोठीवाल्याचा आवाज पहिल्यांदाच जरा वर आला. "चपला होत्या त्यात. शिवायला चालवल्या होत्या. मला त्याने दाखवल्यासुद्धा, फाटकाशी."

"हे मला नाही सांगितलंस."

"तू विचारलं नाहीस. पुडकं होतं का, एवढंच विचारलंस. होतं म्हटलं."

आतल्या खोलीत पलंग करकरला आणि पुन्हा शांत झाला.

मास्तरांना त्या सोमवारचा त्याचा चेहरा दिसला. नाखुशीने, जमिनीकडे बघत. मेहुण्यासाठी वाईट वाटतंय बिचाऱ्याला, अशी त्यांनी तेव्हा समजूत करून घेतली होती. नंतर चौदा वर्षं रोज चार वाजता हा माणूस समोर बसून लिंबू पिळत आला होता, आणि 'आपलंच माणूस' म्हणत आला होता. ते म्हणताना तो कुणाबद्दल बोलत होता?

"परत का दिलीस मग? टाकून द्यायची विहिरीत."

घर आवरायला काढलं होतं, कोठीवाला म्हणाला. माळ्यावर सापडली. टाकवेना. तुझीच होती, तुला मिळावी असं वाटलं. तोंडाने सांगणं काही जमलं नसतं.

"मी लेप काढणार, हे तुला माहीत नव्हतं? तुला?"

"माहीत होतं." मग खाली बघत, जवळजवळ क्षमा मागितल्यासारखा तो म्हणाला, "वाटलं, आता वय झालं. कंटाळा करशील."

आपल्या ओळखीच्या सगळ्या माणसांत ज्याने आपल्याला सगळ्यात जास्त ओळखावं, त्याने आपल्या आळसावर भिस्त ठेवून तीन हात रंग दिला होता.

पण कोठीवाल्याचं अजून संपलं नव्हतं. चहा अर्धा झाला होता. कप खाली ठेवून तो म्हणाला, "एक सांगू? राग येईल."

"आता कसला येतोय."

"तू मला विचारायला आलास तेव्हा तुझं ठरलेलं होतं. शनिवारी तो सगळ्यांसमोर बोलला होता ना तुला, ताईला जपा म्हणून. मी चपला म्हटलं असतं, तरी चपलांच्या आत सुरी होती असं म्हणाला असतास."

हे मात्र मास्तरांना आत कुठेतरी नेमकं लागलं, आणि लागलं ते खरं असल्यामुळे लागलं. त्यामुळे त्यांना जास्तच राग आला. तो काढायला समोर एकच माणूस होता आणि तो तर मघाशीच पुरता हिशेबाबाहेर गेला होता.

"चहा घे," ते म्हणाले. "गार होतोय."

कोठीवाल्याने चहा संपवला. दाराशी चपला घालताना त्याला पट्टा नीट लागेना. वाकलेलाच असताना त्याने विचारलं, "उद्या येऊ ना?"

"उद्या मी घरी नाही."

"मग परवा?"

मास्तर दारात उभे राहिले. कोठीवाला जिना उतरून गेला. कोपऱ्यावर नेहमी मागे वळून हात करायचा, तो आज त्याने केला नाही. मास्तरही नेहमीप्रमाणे खिडकीत आले नव्हते, म्हणजे तसं त्यांचं म्हणणं होतं.

फळीवर सुरी तशीच पडून राहिली. कापून झाल्यावर सुरी न पुसता ठेवणाऱ्याला मास्तरांनी नोकरीवरून काढलं असतं. संध्याकाळी बघतात तो पात्यावर लिंबाचा काळसर अर्धचंद्र उमटला होता. पहिली साय.

सकाळी उठून त्यांनी दगड भिजवला आणि दोन तास धार लावली. वर्तमानपत्राचा कागद पात्यावर नुसता टेकवला, तरी स्वतःच्या वजनाने चिरत गेला. त्याच कागदात त्यांनी सुरी गुंडाळली. पुडकं काखेत घेतल्यावर त्यांना काय वाटलं ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही.

दुपारची गर्दी ओसरल्यावर, तीनच्या सुमाराला दोघं मेहुण्याच्या उपाहारगृहात पोचले. मास्तरांनी वाटेत एक वाक्य तयार केलं होतं, सुरुवात, मध्य आणि शेवट असलेलं. दारातून आत शिरल्यावर त्याचा मधला भाग हरवला. दरम्यान मास्तरीणबाई गल्ल्यामागे गेल्या, न बघता हात घालून खालच्या फळीवरचा पेला काढला, माठातलं पाणी घेतलं आणि खुंटीवरचा फडका खांद्यावर टाकला. भांडी पुसणाऱ्या बाईने विचारलं, "ताई, आज मंगळवारच्या कशा आलात?"

गुडघा दहा वर्षांत बरा का झाला नाही, याचा मास्तरांना तिथे उभ्या उभ्या उलगडा झाला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वाद घालायचा असेल तर आत्ताच घाला, असं ते पाहणं होतं. त्यांनी पुढे केलेलं पाणी मास्तर प्यायले.

मेहुणा आतून हात पुसत आला. कानशिलांवर पांढरं झालं होतं. बहिणीकडे बघून मान हलवली आणि मास्तरांसमोर उभा राहिला, ना पुढे ना मागे. मास्तरांनी पुडकं सोडून सुरी त्याच्या हातात दिली. वाक्याची सुरुवात आणि शेवट जोडून ते म्हणाले, "तू नव्हती घेतलीस."

"नव्हती," मेहुणा म्हणाला.

"कोठीवाल्याने नेली होती. डबा उघडायला."

मेहुण्याने पात्यावरून अंगठा फिरवला. ठिपक्यांवर थांबला. "तिसरा अजून तसाच. शिंकेचा." मग टोक पाहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. ते शिव्यांसारखं होतं, पण आवाजात हळहळ होती. शिकवलेला हात होता शेवटी.

"ठेव तुझ्याकडे," मास्तर म्हणाले. "चुकलो मी. तुला ठेव."

मेहुण्याने सुरी उलटी केली, मूठ मास्तरांकडे करून पुढे धरली.

"भाऊजी, डाव्या हाताची सुरी मी काय करू?"

हे वाक्य त्याने मुद्दाम म्हटलं, की तोंडात आलं, हे मास्तरांना कळलं नाही. गल्ल्यामागे फडका थांबला. त्या वेळी या वाक्याला मास्तरांकडे उत्तर होतं, एका शब्दाचं, आणि ते त्यांनी लगेच दिलं होतं. आज त्यांनी सुरी परत घेतली.

"संध्याकाळचा कांदा व्हायचाय," मेहुणा म्हणाला. "कांदा कापणारा आला नाही आज. कापणार असाल तर उभे राहा. बसायला जागा नाही आत."

आत खरंच जागा नव्हती. एक ओटा, दोन शेगड्या, भिंतीशी कांद्याचं पोतं. मास्तर डाव्या टोकाला उभे राहिले, म्हणजे कोपर कुणाला लागू नये. मेहुण्याने उजवं टोक घेतलं. हे असं उभं राहायचं त्यांनीच शिकवलं होतं. पातं सरळ उतरत होतं, चकत्या एकसारख्या पडत होत्या, आणि पहिल्या दहा-बारा कांद्यांनंतर लिंबाच्या अर्धचंद्राभोवती फिकट तपकिरी रंग पसरू लागला. टोकाकडे अगदी पुसट निळं. मेहुण्याने एकदा तिरक्या नजरेने पाहिलं. "धरतेय," म्हणाला. मास्तर 'हं' म्हणाले. उंबरा ओलांडायचं आमंत्रण देणं अजून बाकी होतं. ते त्यांनी पोतं संपल्यावर द्यायचं ठरवलं. मेहुणा नाही म्हणाला असता तर निदान कांदा तरी पुरा झाला असता.

बाहेर भिंतीवरचं घड्याळ वाजलं. चार ठोके.

मास्तरांचा हात थांबला. कुणी थांबवला नव्हता. डोळे दाराकडे गेले, आणि चष्मा पुसत एक माणूस आत येईल, खुर्ची ओढेल, हवेबद्दल बोलेल, अशी अंगाने वाट पाहिली. मनाला विचारलंच नाही. घरी आता कुलूप होतं. तो आला असेल का? दोन गल्ल्या चालून, जिना चढून? या क्षणी आपल्याला त्याची आठवण यावी, हा त्यांना त्याने केलेल्या सगळ्या दग्यांतला शेवटचा दगा वाटला.

त्यांनी कांदा पुढे ओढला आणि कापू लागले. ओट्यावरचं सगळं धूसर झालं होतं. बाहीने डोळे पुसले, पुन्हा भरले.

मेहुणा आपलं कापणं न थांबवता बघत होता. त्या सुरीने सकाळी कागद चिरला असणार, हे त्याला पात्यावरूनच दिसत होतं. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या स्वयंपाकघरात डोळ्यांतल्या पाण्याचा एकच अर्थ होता, आणि तोच त्याने लावला.

"धार गेलीय वाटतं, भाऊजी," तो म्हणाला. "दगड त्या खिडकीत आहे."

"असेल," मास्तर म्हणाले आणि सुरी घेऊन खिडकीपाशी गेले.